भयाला आकार देणारा चित्रकार

भय आणि किळस यांपासून माणूस प्रत्यक्ष आयुष्यात दूर पळतो. कलेत मात्र तोच माणूस त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा वळतो. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात भयानक आणि बीभत्स या दोहोंना रसांचा मान दिला आणि बीभत्सातून भयानकाची उत्पत्ती होते, असेही सांगितले. या सूत्राचा विसाव्या शतकातील चित्ररूप दाखला शोधायचा झाल्यास स्विस चित्रकार हान्स रुडी गीगर यांच्याकडे जावे लागते. त्यांचे नाव ठाऊक नसलेल्यांनीही त्यांची एक निर्मिती नक्की पाहिलेली असते. 'एलियन' या चित्रपटातील लांबट डोक्याचा, डोळे नसलेला, लाळ गाळणारा तो प्राणी गीगर यांच्या कुंचल्यातून, किंबहुना त्यांच्या एअरब्रशमधून जन्मला.

गीगर यांचा जन्म ५ फेब्रुवारी १९४० रोजी स्वित्झर्लंडमधील कूर या डोंगराळ भागातील जुन्या शहरात झाला. वडील औषधविक्रेते होते. चित्रकलेवर पोट भरत नाही, असे त्यांचे मत होते आणि मुलाने आपलाच व्यवसाय पुढे चालवावा, अशी त्यांची इच्छा होती. पण मुलाचा ओढा भलतीकडेच होता. वडिलांकडे आलेली एक मानवी कवटी दोरी बांधून आपण रस्त्यावरून ओढत नेत असू, अशी आठवण गीगर पुढे सांगत. गावातल्या संग्रहालयात एक इजिप्शियन ममी होती. ती पाहून हा मुलगा प्रथम घाबरला आणि मग तिच्या दर्शनाला वारंवार जाऊ लागला. जत्रेत असते तशी भुतांची आगगाडी त्याने घरातच रचली आणि शेजारच्या मुलांना तिच्यातून फिरवले. ज्याचे भय वाटते त्याच्याजवळ जायचे, त्याला हात लावायचा आणि मग ते इतरांनाही दाखवायचे, हा त्यांच्या पुढील साऱ्या कलेचा क्रम त्या वयातच ठरून गेला होता.

१९६२ मध्ये गीगर झुरिच येथे आले आणि उपयोजित कलेच्या विद्यालयात त्यांनी वास्तुकला व औद्योगिक रचनेचे शिक्षण घेतले. रात्री पडणाऱ्या भयंकर स्वप्नांनी ते त्रस्त असत. ही स्वप्ने कागदावर उतरवली की त्यांचा जोर ओसरतो, असा त्यांना अनुभव आला. म्हणजे चित्रकला हा त्यांच्यापुरता उपचार होता. साल्वादोर दालींची अतिवास्तववादी चित्रे, व्हिएन्नाच्या अर्न्स्ट फुक्स यांची कल्पनासृष्टी आणि अमेरिकन लेखक एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या भयकथा ही त्यांची आवडती दैवते होती. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या चित्रसंग्रहाला त्यांनी 'नेक्रोनॉमिकॉन' हे नाव दिले, तेही लव्हक्राफ्ट यांच्या कथांमधील एका काल्पनिक ग्रंथावरूनच.

गीगर यांनी एअरब्रशचा, म्हणजे हवेच्या दाबाने रंगाचा फवारा मारणाऱ्या साधनाचा, विलक्षण कौशल्याने वापर केला. कुंचल्याचा फटकारा कोठेही दिसू न देणारे हे तंत्र त्यांच्या विषयाला अगदी अनुरूप होते. करड्या, तपकिरी छटांच्या त्या चित्रांत मणका कोठे संपतो आणि नळी कोठे सुरू होते, त्वचा कोठली आणि पोलाद कोठले, हे सांगता येत नाही. या शैलीला 'बायोमेकॅनिकल', म्हणजे जैवयांत्रिक, असे नाव मिळाले. अणुबॉम्बच्या छायेत वाढलेल्या पिढीला यंत्र आपल्याला गिळून टाकील ही धास्ती होती. यंत्र बाहेरून आक्रमण करीत नाही, ते आपल्या देहातच वाढते आहे, असे गीगर यांची चित्रे सांगतात. त्यांच्यापुढे मन अस्वस्थ होते ते त्यामुळेच.

ही अस्वस्थता कलादालनाबाहेर पडली ती एका फसलेल्या चित्रपटामुळे. सत्तरच्या दशकाच्या मध्यास अलेहान्द्रो होदोरोव्स्की हे दिग्दर्शक 'ड्यून' या कादंबरीवर भव्य चित्रपट काढण्याच्या खटपटीत होते. त्यासाठी त्यांनी गीगर यांना पाचारण केले होते. पैशाअभावी तो बेत बारगळला; पण त्या चमूतील पटकथाकार डॅन ओबॅनन यांच्या मनातून ती चित्रे गेली नाहीत. पुढे 'एलियन'ची जुळवाजुळव सुरू झाली तेव्हा दिग्दर्शक रिडली स्कॉट यांच्यासमोर 'नेक्रोनॉमिकॉन' आला. त्यातील १९७६ सालचे 'नेक्रोनॉम ४' हे चित्र पाहताच आपला प्राणी सापडला, याविषयी स्कॉट यांना शंका उरली नाही. गीगर यांनी लंडनजवळच्या शेपर्टन स्टुडिओत स्वतः काम केले आणि खऱ्या हाडांचा वापर करून ती सृष्टी उभी केली. चित्रपट १९७९ मध्ये झळकला आणि १९८० साली दृश्य परिणामांसाठीच्या ऑस्करमध्ये गीगर सहमानकरी ठरले.

संगीताच्या दुनियेनेही त्यांना आपलेसे केले. 'इमर्सन, लेक अँड पामर' या रॉक त्रिकुटाच्या १९७३ मधील 'ब्रेन सॅलड सर्जरी' या ध्वनिमुद्रिकेचे वेष्टन त्यांचे होते. १९८१ मध्ये गायिका डेबी हॅरी यांच्या 'कूकू'साठी त्यांनी तिच्याच चेहऱ्यातून आरपार गेलेल्या सुया रंगवल्या. 'डेड केनेडीज' या पंक वाद्यवृंदाच्या १९८५ मधील ध्वनिमुद्रिकेसोबत त्यांचे एक उघड लैंगिक चित्र वाटले गेले, तेव्हा मात्र प्रकरण न्यायालयात गेले. अल्पवयीनांच्या हाती अपायकारक साहित्य दिल्याचा आरोप गायक जेलो बियाफ्रा यांच्यावर ठेवण्यात आला. १९८७ मध्ये ज्यूरीचे एकमत होऊ न शकल्याने खटला निकाली निघाला.

अशी कला मन कलुषित करते की मोकळे करते, हा त्या खटल्यामागचा खरा प्रश्न होता. गीगर यांच्या आयुष्यात त्याचे सोपे उत्तर नाही. त्यांची सहचरी, अभिनेत्री ली टोब्लर हिने १९७५ मध्ये आत्महत्या केली. तिचा चेहरा त्यांच्या चित्रांत आधीच अमर झाला होता. पण कलेने त्यांना दिलेला दिलासा त्यांच्या सर्वांत जवळच्या व्यक्तीला तारू शकला नाही. चित्र हे भयावरचे औषध असेलही. मात्र ते प्रत्येकाला लागू पडतेच असे नाही.

लोकप्रियतेचीही किंमत मोजावी लागली. चित्रपट आणि ध्वनिमुद्रिकांशी नाव जोडले गेल्यामुळे प्रस्थापित कलाविश्वाने त्यांना बराच काळ दुय्यम लेखले. दुसरीकडे, त्यांच्या प्राण्याच्या असंख्य नकला निघाल्या, खेळणी झाली, आणि जे कधी काळी झोप उडवीत असे ते मुलांच्या कपाटात जाऊन बसले. भयाचे बाजारीकरण झाले की त्याची धार बोथट होते, हे खरेच. तरीही मूळ चित्रासमोर उभे राहिल्यास ती धार शाबूत असल्याचे जाणवते.

त्यासाठी चीजकरिता प्रसिद्ध असलेल्या ग्रुयेर या टुमदार गावी जावे लागते. तेथील एका जुन्या वाड्यात गीगर यांनी १९९८ मध्ये स्वतःचे संग्रहालय उघडले. तेथे त्यांनी जमवलेल्या दाली, फुक्स आदी कलावंतांच्या कलाकृतीही आहेत. हा माणूस अखेरपर्यंत या कलेचा निस्सीम रसिकही होता, याची ती साक्ष. जवळच्या उपाहारगृहात पाहुणे मणक्यांच्या कमानींखाली बसून निवांत कॉफी पितात.

१२ मे २०१४ रोजी वयाच्या ७४ व्या वर्षी गीगर यांचे निधन झाले. अंधाराचे अस्तित्व नाकारून तो जात नाही; त्याचे चित्र काढता येते आणि ते चारचौघांत टांगता येते, एवढेच त्यांनी आयुष्यभर दाखवून दिले. ज्या भयाला चेहरा मिळतो, त्याच्याशी निदान नजर तरी भिडवता येते.