विकायचा माल आणि बियाण्याचा माल

कापडाच्या धंद्यात एक जुना नियम आहे. ज्या नगावरून पुढचा माल विणवून घ्यायचा, तो नमुन्याचा नग विकायचा नाही. गिऱ्हाईक चार पैसे जास्त देत असले तरी तो कपाटातच ठेवायचा. येवल्यात पैठणीचा व्यापार करताना आम्ही तीस वर्षे हा नियम पाळला. मात्र घरामागच्या परसात तोच नियम मोडला आणि आजोबांच्या वेळेपासून चालत आलेले देशी लाल गाजराचे बियाणे जवळजवळ गमावून बसलो. व्यापाराच्या पानावर गाजर कशाला, असे वाचक बांधव विचारतील. पण हा हिशेब भांडवलाचाच आहे, म्हणून सविस्तर मांडतो.

आमचे परस पाऊण गुंठ्याचे. त्यात दरवर्षी गाजराचे दोन वाफे असत. येवल्यात संक्रांतीला तीन दिवस पतंगांची धामधूम असते. भोगीच्या भाजीला गाजर लागते, त्यामुळे बाजारात मागणीही त्याच दिवसांत जास्त. बाहेरगावचे गिऱ्हाईक, रेशीम आणि जरीचे व्यापारी, ओळखीचे कारागीर, सगळ्यांकडे आम्ही परसातली लांब, सरळ, लालभडक गाजरे पाठवीत असू. चांगला माल वाटून झाला की उरलेला घरात शिजायचा.

मग बियाणे कशाचे धरायचे? वाफ्यात काही झाडे डिसेंबरमध्येच दांडा टाकून फुलावर येत. त्यांच्या मुळाला जाडी नसे, म्हणून ती उपटण्याचा कोणी विचारही करत नसे. त्यांचे बी आपोआप वाळून हाताशी येई. मेहनत नाही, खर्च नाही, शिवाय एकही चांगले गाजर बियाण्यासाठी अडकून पडत नाही. आम्हाला हा सौदा फायद्याचा वाटला.

आठ-दहा वर्षांनी त्याचा तोटा दिसू लागला. निम्मा वाफा गाजर भरण्याआधीच दांडा टाकू लागला. जी गाजरे निघत ती बोटाएवढी, आत लाकडासारखी. आम्ही कधी पाण्याला दोष दिला, कधी खताला. शेवटी आमच्याकडे विणकाम करणाऱ्या एका वयस्कर कारागिराने वाफा पाहिला आणि म्हणाला, "शेठ, तुम्ही घाईचं बी धरलंत. घाईचं बी घाईचीच झाडं देणार."

शब्दन् शब्द खरा होता. जे झाड मूळ न भरता लवकर फुलते, त्याचा हाच गुण बियात उतरतो. वर्षानुवर्षे आम्ही उत्तम गाजरे घराबाहेर काढली आणि नापास झाडांवर पुढची पिढी चालवली. नमुना विकून टाकायचा आणि फेकण्याच्या तुकड्यावरून पुढची पैठणी विणायची, असा हा प्रकार झाला.

बियाणे परत कसे मिळाले?

आमच्या अम्मीला बी वाटण्याची सवय होती. कोणी घरी आले की जाताना ती पदरात मूठभर काहीतरी बांधून द्यायची. 1986 च्या सुमारास तिने तालुक्यातल्या एका खेड्यात राहणाऱ्या चाचींना गाजराचे बी दिले होते. 2019 साली आम्ही त्यांच्या दारी गेलो. त्यांच्याकडे तोच वाण चालू होता, लाल, गोड, हातभर लांब. त्या दरवर्षी उत्तम गाजरे बाजूला काढून पुन्हा लावत आल्या होत्या. आम्ही पैसे काढले तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमच्या अम्मीचंच बी आहे, त्याचे पैसे कसले घ्यायचे?" आमच्या कपाटातल्या डब्यात बियाणे बिघडले, आणि जे अम्मीने देऊन टाकले होते ते शाबूत राहिले. व्यापारी माणसाने यावर जरूर विचार करावा.

लागवड

गाजर हे नाव फारशीतल्या 'गझर' आणि अरबीतल्या 'जझर' यांच्या नात्यातले आहे. पिकाचे मूळ घर अफगाणिस्तानाच्या आसपास मानले जाते. बाजारात मिळणारे नारिंगी गाजर युरोपात, विशेषतः सतराव्या शतकात हॉलंडमध्ये वाढीस लागले. त्याला फुलावर येण्यासाठी काही आठवडे कडक थंडी लागते, म्हणून त्याचे बी डोंगराळ, थंड मुलखात धरतात. आपले देशी लाल गाजर मैदानी हवेतच बी देते. त्यामुळे येवल्यासारख्या ठिकाणी घरचे बियाणे धरणे शक्य होते.

आमची काळी जमीन भारी. तिच्यात गाजराला फाटे फुटतात. म्हणून वाफा फूटभर उंच करावा, मातीत वाळू आणि चाळलेले, पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे. ताजे खत घातले तरी गाजर फाटते. पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात करावी. बी तळहातावर चोळून त्याची कुसे काढावीत, एक रात्र पाण्यात भिजवावे आणि बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा खोल टाकू नये. उगवायला एक ते दोन आठवडे लागतात. तोवर वरची माती वाळू देऊ नये, ओले गोणपाट अंथरले तर पाणी वाचते. कोंब दिसताच गोणपाट उचलावे. येवल्याचे पाणी पालखेड कालव्याच्या आवर्तनावर अवलंबून, त्यामुळे ही बचत महत्त्वाची. रोपे बोटभर झाली की विरळणी करून दोन रोपांत चार बोटे अंतर ठेवावे. साधारण शंभर दिवसांत गाजर तयार होते.

साठवण

गाजर टिकवायचे असेल तर धुऊ नये. पाला आधी कापावा, कारण तो गाजरातले पाणी ओढून घेतो. फुटकी आणि कीड लागलेली गाजरे वेगळी काढून लगेच खावीत. बाकीची लाकडी खोक्यात ओलसर वाळूच्या थरांत, एकमेकांना न चिकटवता ठेवावीत आणि खोके घरातल्या सर्वात थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावे. जानेवारीच्या थंडीत ती तीन-चार आठवडे करकरीत राहतात. उन्हे तापली की हा उपाय चालत नाही. मग फ्रीजमध्ये ओलसर फडक्यात गुंडाळावीत. सफरचंद किंवा पिकलेली केळी शेजारी ठेवू नयेत, त्यांच्यातून सुटणाऱ्या वायूने गाजर कडवट होते. जास्त माल असेल तर लोणचे, मुरब्बा किंवा उकळत्या पाण्यातून काढून वाळवलेल्या चकत्या हाच मार्ग.

बियाणे धरणे

येथेच आमची चूक झाली होती, म्हणून हे नीट लिहितो. काढणीच्या दिवशी विक्री, भेट आणि स्वयंपाक यांच्या आधी बियाण्याची गाजरे निवडावीत. जे झाड लवकर फुलावर येईल ते दिसताक्षणी उपटावे. सरळ, एकसारख्या रंगाची, फाटे नसलेली पंचवीस-तीस गाजरे तरी घ्यावीत. चार-पाच झाडांवर भागवले तर काही पिढ्यांत वाण खंगतो. गाजराचे खालचे तृतीयांश टोक कापून आतला गाभा पाहावा. गाभा बारीक आणि लाल हवा. पाला चार बोटे ठेवून छाटावा आणि गाजर दीड-दीड फुटावर पुन्हा मातीत लावावे.

फुलांच्या छत्र्या आल्या की मधमाश्या त्यांच्यावर येतात. किलोमीटरभराच्या आत दुसऱ्या जातीचे गाजर फुलात असेल तर भेसळ होते, म्हणून शेजाऱ्यांशी आधीच बोलून घ्यावे. एप्रिल-मेच्या सुमारास छत्र्या तपकिरी होतात. मधली मोठी छत्री आणि तिच्यानंतरच्या छत्र्या यांचे बी सर्वात भरदार. ते सावलीत वाळवून घट्ट झाकणाच्या बरणीत, थंड आणि कोरड्या जागी ठेवावे. नीट ठेवले तर साधारण तीन वर्षे चालते. पेरणीआधी शंभर बिया ओल्या फडक्यात घालून किती उगवतात ते मोजावे, म्हणजे किती बी टाकायचे ते कळते.

धंद्याची बाजू

सांगलीजवळचे कवलापूर गाजरासाठी ओळखले जाते. गुजरातेत जुनागढ जिल्ह्यातले वल्लभभाई मारवाणिया यांनी 1943 पासून, गुरांना घालायच्या गाजरांतून उत्तम गाजरे निवडत 'मधुवन' हा वाण घडवला. त्यांना 2019 साली पद्मश्री मिळाली. दुसऱ्याला चाऱ्याचा माल दिसला, तिथे त्यांना बियाणे दिसले.

संकरित बियाण्याला आमचा विरोध नाही. त्याचे पीक एकसारखे येते. पण त्याचे बी घरी धरले तर पुढच्या पिढीत तो गुण टिकत नाही, म्हणून दरवर्षी पुन्हा विकत घ्यावे लागते. घरचा वाण हा आपला स्वतःचा माल आहे. 2001 च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचे बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. मात्र संरक्षित वाणाचे बी त्याच्या ब्रँडच्या नावाने विकता येत नाही.

आता आमच्या घरी काढणीच्या दिवशी पहिली टोपली बियाण्याची निघते, मग भेटीची, आणि सगळ्यात शेवटी घरची. बी तयार झाले की त्याच्या तीन पुड्या होतात. एक आमच्या बरणीत राहते, एक चाचींकडे जाते आणि एक दरवर्षी नव्या घरी. ज्या कारागीर बांधवांच्या घरामागे चार हात जागा आहे त्यांनी एक वाफा करून पाहावा. आणि ज्यांच्याकडे आईच्या, आजीच्या हातचे एखादे बी अजून डब्यात पडून असेल, त्यांनी ते या हंगामात पेरून दोन घरी द्यावे. डब्यात ठेवलेले बी दरवर्षी थोडे मरत असते.