नाव जळगावचे, वारसा एरंडोलचा : जळगाव जिल्ह्यातील लोकसभा निवडणुकांचा मागोवा

जळगाव जिल्ह्यात लोकसभेचे आज दोन मतदारसंघ आहेत, जळगाव आणि रावेर. २००८ पर्यंतही दोनच होते, जळगाव आणि एरंडोल. वरवर पाहणाऱ्याला एरंडोलच्या जागी रावेर आले एवढाच फरक जाणवतो आणि निकालांच्या तक्त्यात 'जळगाव' हे नाव जुन्या काळापासून एकाच मुलखाचे असावे, असे वाटते. प्रत्यक्षात २००८ च्या पुनर्रचनेने नुसते नाव बदलले नाही, तर दोन्ही मतदारसंघांची जवळजवळ अदलाबदल केली. जुन्या जळगाव मतदारसंघाचा राजकीय वारसा, म्हणजे त्याचे उमेदवार, कार्यकर्त्यांचे जाळे, जातींची बेरीज आणि तापीकाठचा केळीचा पट्टा, रावेरच्या वाट्याला आला. आजचा जळगाव मतदारसंघ मात्र मुख्यतः जुन्या एरंडोलच्या मुलखाला जळगाव शहर जोडून उभा राहिला आहे. या अदलाबदलीत सातपुड्याच्या पायथ्याचा चोपडा तालुका रावेरच्या पश्चिम टोकाला आला.

पहिल्या दोन निवडणुका या रचनेच्या आधीच्या आहेत. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे विभाजन होऊन पूर्व खानदेश व पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले होते आणि पूर्व खानदेशाला जळगाव हे जिल्ह्याचे नाव १९६० मध्ये मिळाले. १९५२ मध्ये जळगावातून काँग्रेसचे हरी विनायक पाटसकर लोकसभेवर गेले. संविधान सभेचे सदस्य राहिलेले हे कायदेपंडित पुढे केंद्रात कायदा खात्याचे मंत्री झाले आणि हिंदू स्त्रियांना वारसाहक्क देणारा १९५६ चा कायदा संसदेतून पार नेण्याचे काम त्यांच्याकडे होते. ज्या प्रदेशाने १९३६ मध्ये फैजपूर येथे काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन पाहिले, त्या प्रदेशाने पहिल्याच निवडणुकीत काँग्रेसचा खासदार निवडावा, यात नवल नव्हते. नवल घडले ते १९५७ मध्ये. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने पश्चिम व मध्य महाराष्ट्रात काँग्रेसविरोधी लाट उठवली असताना पूर्व खानदेशाने नौशेर भरुचा या मुंबईच्या पारशी वकिलाला अपक्ष म्हणून निवडून दिले. त्याच निवडणुकीत शेजारच्या धुळे मतदारसंघातून जनसंघाचे उत्तमराव पाटील विजयी झाले. देशभरात जनसंघाला त्या वर्षी मिळालेल्या अवघ्या ४ जागांपैकी ती एक होती. खानदेश हा काँग्रेसचा अभेद्य गड होता, असे सर्रास म्हटले जाते. १९५७ चे हे दोन निकाल पाहता ते विधान बरेच सैल करावे लागते.

१९६० नंतरची पंधरा-सोळा वर्षे मात्र काँग्रेसची होती आणि त्या काळातील निवडणुकांत चुरस थोडी, म्हणून त्यांच्याविषयी सांगण्यासारखेही थोडेच आहे. नोंद घ्यावी अशी एक गोष्ट लोकसभेच्या नव्हे, विधानसभेच्या बाजूची आहे. १९६२ मध्ये जळगावातून विधानसभेवर निवडून आलेल्या प्रतिभा पाटील पुढे एदलाबादच्या, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरच्या, आमदार म्हणून अनेक वर्षे राज्यात मंत्री राहिल्या. लोकसभेत त्या गेल्या ते १९९१ मध्ये, अमरावतीतून. जिल्ह्यातील सर्वांत यशस्वी राजकीय कारकीर्द अशा रीतीने जिल्ह्याच्या लोकसभा मतदारसंघांना वळसा घालून राष्ट्रपतिभवनापर्यंत पोहोचली.

आणीबाणीनंतरच्या १९७७ च्या निवडणुकीत जळगावातून यशवंत बोरोले आणि एरंडोलमधून सोनूसिंग पाटील हे जनता पक्षाचे उमेदवार निवडून आले. सोनूसिंग पाटील मोरारजी देसाई यांच्या मंत्रिमंडळात गृह राज्यमंत्री झाले. १९८० मध्ये दोन्ही जागा काँग्रेसकडे परतल्या, जळगावात यादव शिवराम महाजन आणि एरंडोलमध्ये विजय नवल पाटील यांच्या रूपाने, आणि इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या १९८४ च्या लाटेत त्या टिकल्या. इथपर्यंत दोन्ही मतदारसंघ एकाच दिशेने वाहत होते. पुढच्या तीन निवडणुकांपैकी दोनदा त्यांनी एकमेकांच्या उलट कौल दिला. १९८९ मध्ये एरंडोलने भारतीय जनता पक्षाच्या उत्तमराव पाटील यांना निवडले (१९५७ मध्ये धुळ्यातून जनसंघाकडून जिंकलेले तेच उत्तमराव, बत्तीस वर्षांनी), तर जळगावने काँग्रेसचे महाजन कायम ठेवले. १९९१ मध्ये एरंडोल काँग्रेसकडे गेले, तर जळगाव डॉ. गुणवंतराव सरोदे यांच्यामार्फत भाजपकडे आले. १९९६ मध्ये दोन्ही जागा भाजपच्या झाल्या, पण १९९८ मध्ये जळगावने पुन्हा वाट बदलून काँग्रेसचे डॉ. उल्हास पाटील यांना निवडले. ती लोकसभा जेमतेम तेरा महिने चालली.

या उलटसुलट कौलांचे कारण दोन मुलखांच्या घडणीत शोधावे लागते. यावल, रावेर, भुसावळ हा जुन्या जळगाव मतदारसंघाचा गाभा केळीच्या बागायतीचा आणि लेवा पाटीदार समाजाचे वजन असलेला होता. एरंडोल, पारोळा, अमळनेर, चाळीसगाव हा भाग प्रामुख्याने कोरडवाहू कापसाचा आणि मराठा समाजाचे वजन असलेला. उमेदवार निवडताना सर्वच पक्ष हा हिशेब करीत आणि त्यामुळे लढत बहुधा एकाच समाजातील दोन उमेदवारांत, पर्यायाने पक्षापेक्षा माणसांत, होई. जळगाव शहर या गणितात गौणच राहिले. शहराच्या राजकारणावर सुरेश जैन यांची पकड १९८० पासून सुमारे तीन दशके होती आणि पक्ष बदलूनही ते विधानसभेवर निवडून येत राहिले. परंतु लोकसभेचा मतदारसंघ म्हणजे विधानसभेच्या सहा मतदारसंघांची बेरीज असल्यामुळे शहराची पकड एका षष्ठांशापुरतीच उरे. नावाने नागरी वाटणारा हा मतदारसंघ मताने ग्रामीण होता, आणि आजही तो बराचसा तसाच आहे.

१९९९ व २००४ मध्ये जळगावातून वाय. जी. महाजन आणि एरंडोलमधून अण्णासाहेब एम. के. पाटील हे भाजपचे उमेदवार निवडून आले. पाटील वाजपेयी सरकारात ग्रामविकास राज्यमंत्रीही होते. डिसेंबर २००५ मध्ये एका दूरचित्रवाणी वाहिनीने छुप्या कॅमेऱ्याचे चित्रण दाखवले, ज्यात संसदेत प्रश्न विचारण्यासाठी काही खासदार पैसे स्वीकारताना दिसत होते. अशा अकरा खासदारांत जळगाव जिल्ह्यातले हे दोघेही होते. चौकशी समितीचा अहवाल आल्यावर २३ डिसेंबर २००५ रोजी लोकसभेच्या दहा आणि राज्यसभेच्या एका सदस्याचे सदस्यत्व संपुष्टात आणले गेले. शिक्षा अवाजवी असल्याचे सांगत भाजपने सभात्याग केला. एकाच जिल्ह्याचे दोन्ही खासदार एकाच दिवशी सभागृहाबाहेर जाण्याचा हा प्रसंग होता. सदस्यांना बडतर्फ करण्याचा अधिकार संसदेला आहे की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जानेवारी २००७ मध्ये न्यायालयाने तो अधिकार मान्य केला. त्या वर्षी पोटनिवडणुका, म्हणजे मुदतीआधी रिकाम्या झालेल्या जागांपुरत्या निवडणुका, झाल्या आणि जुना विसंवाद पुन्हा दिसला: जळगावात भाजपचे हरिभाऊ जावळे निवडून आले, एरंडोलमध्ये राष्ट्रवादी काँग्रेसचे वसंतराव मोरे. एवढ्या मोठ्या प्रकरणानंतरही केळीपट्ट्याने भाजपला सोडले नाही, ही बाब पुढच्या पंधरा वर्षांच्या दृष्टीने अधिक बोलकी ठरली.

मोरे हे एरंडोलचे शेवटचे खासदार. २००१ च्या जनगणनेवर आधारलेली मतदारसंघ पुनर्रचना, म्हणजे लोकसंख्येनुसार सीमा व राखीव जागा नव्याने ठरवण्याची प्रक्रिया, २००८ मध्ये अमलात आली. विधानसभेचे यावल व पारोळा हे मतदारसंघ नाहीसे झाले, जळगावचे शहर व ग्रामीण असे दोन झाले आणि जिल्ह्याच्या बारा जागांच्या अकरा झाल्या. लोकसभेच्या दोन मतदारसंघांसाठी बारा लागतात. उणीव बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर जोडून भरून काढण्यात आली. चोपडा, रावेर, भुसावळ, जामनेर, मुक्ताईनगर आणि मलकापूर असा रावेर मतदारसंघ तयार झाला. जळगाव शहर, जळगाव ग्रामीण, अमळनेर, एरंडोल, चाळीसगाव आणि पाचोरा यांचा जळगाव झाला. २००९ च्या लढतींनी वारसा कोणाकडे गेला ते लगेच स्पष्ट केले: जुन्या जळगावचे खासदार जावळे रावेरमधून उभे राहिले आणि जिंकले, तर एरंडोलचे खासदार मोरे जळगावातून उभे राहून भाजपचे ए. टी. नाना पाटील यांच्याकडून पराभूत झाले.

चोपड्यापुरता हा बदल अधिक खोल होता. विधानसभेचा चोपडा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव झाला, म्हणजे मतदार सर्व समाजांचे, पण उमेदवार केवळ त्या प्रवर्गाचे. ज्या मतदारसंघाचे प्रतिनिधी अरुणभाई गुजराथी १९९९ ते २००४ या काळात विधानसभेचे अध्यक्ष होते, तेथील स्थापित नेतृत्वाला त्यानंतर स्वतः उभे राहण्याऐवजी दुसऱ्याला उभे करण्याचे राजकारण शिकावे लागले. २००९ मध्ये राष्ट्रवादीचे जगदीशचंद्र वळवी, २०१४ मध्ये शिवसेनेचे चंद्रकांत सोनवणे, २०१९ मध्ये त्यांच्या पत्नी लता सोनवणे आणि २०२४ मध्ये पुन्हा चंद्रकांत सोनवणे निवडून आले. विधानसभेला शिवसेनेचा आणि लोकसभेला भाजपचा, अशी मताची विभागणी येथे रुळली. पश्चिमेला चोपडा आणि पूर्वेला मलकापूर अशा लांबलचक मतदारसंघात रेल्वे नसलेल्या चोपड्याचे प्रश्न आणि मुंबई–नागपूर लोहमार्गावरच्या भुसावळचे प्रश्न एकाच खासदाराच्या पदरात पडतात. प्रचार मात्र बहुधा केळीचा पीकविमा आणि भाव यांभोवतीच फिरतो.

२०१४ मध्ये जावळे यांच्याऐवजी तेव्हा भाजपमध्येच असलेले नेते एकनाथ खडसे यांच्या स्नुषा रक्षा खडसे यांना भाजपने उमेदवारी दिली आणि त्या तीन लाखांहून अधिक मतांनी विजयी झाल्या. जावळे त्याच वर्षी रावेरमधून विधानसभेवर गेले. २०१९ मध्ये माजी खासदार उल्हास पाटील यांच्याविरुद्धही रक्षा खडसे यांचे मताधिक्य तेवढेच मोठे राहिले. २०२० मध्ये एकनाथ खडसे राष्ट्रवादीत गेले, परंतु स्नुषा भाजपमध्येच राहिल्या आणि २०२४ मध्ये तिसऱ्यांदा जिंकून केंद्रात राज्यमंत्री झाल्या. सासरे एका पक्षात व सून दुसऱ्या पक्षात असूनही मताधिक्य अडीच लाखांच्या खाली आले नाही, याचा अर्थ हा मतदारसंघ एका घराण्याचा असल्याचा समज अर्धाच खरा आहे.

जळगावात याच काळात माणसे बदलली, पक्ष नाही. २०१९ मध्ये आधी स्मिता वाघ यांचे नाव जाहीर होऊन ऐनवेळी चाळीसगावचे आमदार उन्मेष पाटील यांना उमेदवारी मिळाली. २०२४ मध्ये पाटलांची उमेदवारी कापून वाघ यांना देण्यात आली, पाटील उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेत गेले, आणि जागा भाजपकडेच राहिली. १३ मे २०२४ च्या मतदानात जिल्ह्यातील दोन्ही मतदारसंघांतून महिला लोकसभेवर गेल्या, जे त्यापूर्वी कधी घडले नव्हते आणि ज्यासाठी कोणतेही आरक्षण लागू नव्हते.