वरचे चामडे जपा, तळ बदलता येतो

महाराष्ट्रात दसरा-दिवाळीच्या सुमारास पाऊस ओसरतो, तेव्हा तंजावरमध्ये तो जोर धरतो. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात वर्षाच्या पावसाचा मोठा वाटा ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. चहूकडे भातखाचरे आणि कालवे, पूर्वेला समुद्रही फार लांब नाही. त्यामुळे हवेत ओल मुरलेली असते. अशा गावात बंद कपाटात ठेवलेल्या चामडी बुटांवर काही आठवड्यांतच बुरशीचा पांढुरका थर धरतो, अस्तराला कुबट वास येतो आणि घरचे म्हणतात, आपल्या हवेत चामडे टिकतच नाही. कोकणातल्या आणि मुंबईतल्या वाचकांनाही हे वाक्य ओळखीचे असेल. ते खरे मानले, तर चांगल्या बुटांवर पैसे घालणे हा शुद्ध तोटा ठरतो. पण ते खरे नाही. दमट हवेतही चामडे टिकते. खराब होते ते कोंडून ठेवलेले, तेला-पॉलिशने माखलेले आणि वेळेवर दुरुस्त न केलेले चामडे. निगा राखण्यामागे हेतू एकच असावा: बुटाचे वरचे अंग इतके शाबूत ठेवायचे, की झिजलेला तळ पुन्हा पुन्हा बदलता यावा.

याचा सर्वांत जवळचा दाखला तंजावरमध्येच आहे आणि तो पायात नव्हे, मांडीवर असतो. मृदंग बनवण्याचे हे मोठे केंद्र. इथल्या वादनपरंपरेचा पाया घालणाऱ्यांत 19व्या शतकातले नारायणस्वामी अप्पा हे मराठी भाषक होते, आणि तंजावरवर राज्य करणाऱ्या भोसल्यांच्या काळात इथे रुजलेल्या मराठी कीर्तनाशी या वाद्याचे नाते घट्ट आहे. मृदंगाचे खोड फणसाच्या लाकडाचे. दोन्ही तोंडांवर कातडे आणि ते ताणून धरायला चामड्याच्याच वाद्या. उजव्या तोंडावर भात आणि लोहयुक्त दगडाची पूड घोटून काळी शाई चढवतात. डाव्या तोंडावर वाजवण्यापूर्वी ओल्या रव्याचा गोळा लावतात आणि वादन संपले की तो काढून टाकतात. शाई झिजते, कातडे ढिले पडते, फाटते. कारागीर ते बदलतो, वाद्या पुन्हा ओढतो आणि तेच खोड वर्षानुवर्षे वाजत राहते. याच दमट हवेत हे पिढ्यान्‌पिढ्या चालले आहे, कारण झिजणारा भाग वेगळा काढता येईल अशीच या वाद्याची रचना आहे आणि तो बदलणारा माणूस गावात आहे.

उत्तम बुटाची रचनाही याच तत्त्वावर उभी असते. फर्म्यावर ताणून बसवलेल्या वरच्या चामड्याला कडेने चामड्याची एक अरुंद पट्टी शिवतात आणि तळ शिवतात तो या पट्टीला. तळाचा टाका उसवला तरी वरच्या चामड्याला धक्का लागत नाही, म्हणून एकाच बुटाला अनेकदा नवा तळ लावता येतो. 19व्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ही शिवण यंत्रावर आली आणि ‘गुडइयर वेल्ट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. चामड्याच्या वादीने शिवलेली कोल्हापुरी चप्पलही उसवून पुन्हा शिवता येते. उलट, तळ फक्त चिकटवलेला असेल तर चांगला कारागीर तो बदलू शकतो, पण दर खेपेला वरच्या चामड्याची कड थोडी खराब होते. आणि तळ वरच्या अंगाभोवती साच्यात ओतलेला असेल तर दुरुस्तीला फारसा वावच उरत नाही. म्हणून निगेची सुरुवात दुकानातच होते. बूट उलटा करून कडेची शिवण पाहावी. बोटाने दाबून वरच्या चामड्याला पडणाऱ्या सुरकुत्या बारीक आहेत, की रंगाचा जाड थर सालपटासारखा उचलला जातो, हेही पाहावे. दुसऱ्या प्रकारच्या बुटावर पुढे कितीही मेहनत घेतली तरी ती वायाच जाते.

आता ओलीकडे वळू. चामडे म्हणजे कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचे दाट जाळे. कातडे कमावताना हे तंतू कुजू नयेत अशी प्रक्रिया होते. तमिळ प्रदेशात त्यासाठी पूर्वापार तरवडाची साल आणि हिरडा वापरत. तरवडाला तिथे आवारम म्हणतात. आज जगातले बहुतेक चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात. पद्धत कोणतीही असो, तंतूंमध्ये थोडे पाणी आणि थोडी स्निग्धता राहिली तरच ते एकमेकांवरून सरकतात आणि चामडे वाकते. पाणी फार झाले आणि हवा खेळती नसली की बुरशी धरते. हवेतली सापेक्ष आर्द्रता बराच काळ 65 ते 70 टक्क्यांच्या वर राहिली की तिचे फावते. मग लोक घाबरून बूट उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवतात आणि दुसरे टोक गाठतात. भिजलेले चामडे उष्णतेने आकसते, तंतू एकमेकांना चिकटून ताठ होतात आणि पुढच्याच पावलाला चीर पडते. भिजलेल्या बुटाचा खरा उपाय साधा आहे: नाडी सोडावी, आतला सुटा तळवा काढावा, वर्तमानपत्राचे बोळे भरून तासा-दोन तासांनी बदलावेत आणि बूट आडवा करून पंख्याखाली सावलीत सुकवावा. कोरड्या दिवसातही पायाच्या घामाने आतली बाजू ओलावते, म्हणून तोच जोड रोज न घालता मध्ये एक दिवसाची विश्रांती द्यावी. प्लास्टिकची पिशवी कटाक्षाने टाळावी. सुती पिशवी आणि उघडी फळी उत्तम.

यापेक्षा मोठी चूक प्रेमापोटी होते, ती म्हणजे अति तेल. खोबरेल चोळले की चामडे लगेच मऊ आणि काळसर दिसते आणि निगा राखल्याचे समाधान मिळते. या समाधानाची किंमत ग्रंथालयांनी मोजली आहे. तंजावरच्या सरफोजीराजांनी (कारकीर्द 1798 ते 1832) सरस्वती महाल ग्रंथालयात भारतीय हस्तलिखितांच्या जोडीला हजारो युरोपीय ग्रंथ जमवले. त्या काळच्या युरोपीय पुस्तकांची बांधणी सर्रास चामड्याची असे. अशी जुनी बांधणी वाचवण्यासाठी जगभरच्या ग्रंथालयांनी 20व्या शतकात लोकरीची चरबी आणि जनावरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेले तेल यांचे मिश्रण पुस्तकांना चोळण्याची शिफारस केली. काही दशकांनी परिणाम दिसले: पृष्ठभाग चिकट झाला, धूळ बसली, रंग काळवंडला, कुठे चरबी पांढरी होऊन वर आली. शेवटी जतनतज्ज्ञांनी सरसकट तेल देणे थांबवले. बुटाला वाकावे लागते, पुस्तकाला तितके नाही, म्हणून बुटाला थोडी स्निग्धता लागतेच. पण ‘थोडी’ हा शब्द इथे जपून वापरायला हवा. आधी ब्रशने धूळ काढावी, ओलसर फडक्याने पुसावे, पूर्ण सुकू द्यावे, मग मटारच्या दाण्याएवढे क्रीम कापडावर घेऊन पातळ पसरावे. नेहमीच्या वापराच्या बुटाला दोन-तीन महिन्यांतून एकदा एवढे पुरते. मेणाचे पॉलिश टोकाला आणि टाचेला शोभते. जिथे बूट वाकतो तिथे त्याचे थर साचले की तेच तडकतात.

पांढरा थर दिसला की तो बुरशीचाच असे धरून चालू नये. केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा दुरून द्यावी. थर वितळून चामड्यात मुरला तर ती वर आलेली चरबी आहे. पुसून टाकावी आणि काही महिने तेल-क्रीम बंद ठेवावे. तो तसाच राहिला, भुरभुरीत असला आणि कुबट वास आला तर ती बुरशी. अशा वेळी बूट घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसावा, ते फडके फेकून द्यावे आणि कपाटातले बाकीचे जोडही तपासावेत. जुना बूट पुन्हा उभा करतानाही हाच क्रम: साफ करणे, सुकवणे, मग हलके क्रीम, एक दिवस थांबून पुन्हा हलके क्रीम. मात्र चामड्याच्या आरपार गेलेली चीर कोणतेही क्रीम भरून काढत नाही. ती रंगाने झाकता येते, बुजत नाही.

दुरुस्तीची वेळ ओळखणे हे निगेतले सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे. टाचेचा खालचा रबरी थर झिजून वरच्या चामडी थराला घासू लागण्याआधी बदलावा. तेव्हा काम छोटे असते, नंतर अख्खी टाच बांधावी लागते. तळाच्या मधोमध अंगठा दाबून पाहावा. तो सहज आत जात असेल तर भोक पडण्याची वाट पाहू नये, कारण भोकातून आलेले पाणी थेट शिवणीत जाते. दक्षिणेत, आणि आपल्याकडेही, घराच्या नि देवळाच्या दाराशी पादत्राणे दिवसातून अनेकदा काढली-घातली जातात. नाडी न सोडता मागची कड चेपून पाय आत सरकवण्याची सवय इथूनच लागते. ही कड एकदा मोडली की पुन्हा ताठ होत नाही. ज्याला वारंवार देवळात जायचे आहे त्याने बिननाडीचा बूट घ्यावा किंवा खिशात छोटे शू-हॉर्न ठेवावे.

यावर काही रास्त आक्षेप आहेत. पहिला असा, की एवढी उठाठेव करण्यापेक्षा कृत्रिम बूट बरा, त्याला काही लागत नाही. दमट हवेत हे उलटेच ठरते. अनेक आधुनिक बुटांचा तळ पॉलियुरेथेनचा असतो आणि त्यातल्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रकाराचे हवेतल्या ओलीने हळूहळू विघटन होते. न वापरता खोक्यात जपून ठेवलेला बूट काही वर्षांनी बाहेर काढावा, तर तळाचा भुगा होऊन पडतो. दुसरा आक्षेप उष्णतेचा: तंजावरच्या उन्हाळ्यात बंद बूट हवेत कशाला? तो मान्य आहे. ज्यांचे काम चपलेवर भागते त्यांनी चप्पलच घालावी, आणि वरचे सगळे नियम चामडी चपलेलाही लागू आहेत. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. चामडे कमावण्याच्या सांडपाण्याने तमिळनाडूतले पालार नदीचे खोरे नासले. वेल्लोर भागातल्या याच प्रदूषणाच्या खटल्यात 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग असल्याचे सांगितले. त्या नदीकाठच्या लोकांनी सोसलेले नुकसान बुटाच्या निगेने भरून येणार नाही. पण जे कातडे कमावण्यासाठी नदीने ही किंमत मोजली, ते दोन वर्षांत फेकून नवे मागणे हे अधिक बेजबाबदारपणाचे आहे. एक जोड चार जोडांचे आयुष्य जगला, तर तीन जोडांचे वरचे कातडे कमवावेच लागत नाही.

हे सारे अवलंबून आहे ते रापी आणि आरी हाती असलेल्या माणसावर. चामड्याचे काम ज्या जातींवर लादले गेले, त्यांना समाजाने कौशल्याचा मान दिला नाही आणि दामही नाही. गायक टी. एम. कृष्णा यांनी 2020 साली मृदंग घडवणाऱ्या कारागिरांवर पुस्तक लिहिले. वादक मोठे झाले आणि कातडे हाताळणारे, बहुतांश दलित ख्रिस्ती, कारागीर पडद्याआड राहिले, हे त्यातून ठळकपणे पुढे आले. रस्त्याच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या चर्मकाराची गोष्ट वेगळी नाही. काही हजारांचा बूट घेणारा माणूस तळ शिवण्याच्या मजुरीवरून घासाघीस करतो आणि मग चांगले कारागीर मिळत नाहीत म्हणून तक्रार करतो. त्या कारागिराची मुले या धंद्यात आली नाहीत तर त्यांना दोष देता येणार नाही. यावेसे वाटेल इतका मोबदला आणि आदर देणे आपल्या हाती आहे. म्हणून पुढचा बूट घेण्याआधी आहे त्या जोडाची टाच पाहा, तो दुरुस्तीला द्या आणि सांगितलेली मजुरी घासाघीस न करता द्या.