पी हळद, हो निरोगी?

फेब्रुवारी-मार्चमध्ये औंढा नागनाथहून वसमतकडे निघालं की शिरड शहापूरच्या शिवारात एकच वास भरून असतो. कुठे कुकरमध्ये हळद शिजत असते, कुठे शिजलेली हळद ताडपत्रीवर वाळत पडलेली असते, तर कुठे ड्रम फिरवून हळकुंडांना पॉलिश केलं जात असतं. राज्यात हळदीचं सर्वाधिक क्षेत्र असलेल्या जिल्ह्यांत हिंगोलीचं नाव आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यामुळे हळद चांगली की वाईट, हा प्रश्न इथे कुणी विचारत नाही. विचारला जातो तो दुसराच प्रश्न : ‘रोज सकाळी कोमट पाण्यातून हळद घेतली, तर शुगरची गोळी बंद केली तर चालेल का?’

या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. पण ते का, हे समजून घेण्यासारखं आहे.

हळदीचा पिवळा रंग ज्या द्रव्यांमुळे येतो, त्यातलं मुख्य म्हणजे कुरकुमीन. प्रयोगशाळेत, काचेच्या बशीतल्या पेशींवर कुरकुमीन टाकलं की बरंच काही घडताना दिसतं. दाह वाढवणारे रासायनिक संदेश कमी होतात, काही जंतूंची वाढ मंदावते. यावर जगभरात हजारो शोधनिबंध निघाले. अडचण पुढे येते. बशीतली पेशी आणि जेवणारा माणूस यांच्यामध्ये आतडं आणि यकृत असतं.

हळदीच्या पुडीत कुरकुमीन साधारण तीन टक्के असतं. म्हणजे तीन ग्रॅमचा चहाचा चमचाभर हळद घेतली, तर पोटात जेमतेम ९० मिलिग्रॅम कुरकुमीन जातं. ते पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून फार थोडं शोषलं जातं आणि जे शोषलं जातं त्याचं रूप यकृत लगेच बदलून टाकतं. १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी निरोगी माणसांना एकदम दोन ग्रॅम शुद्ध कुरकुमीन दिलं, तरी रक्तात ते जवळजवळ सापडलंच नाही. सोबत मिऱ्यातलं पिपरीन २० मिलिग्रॅम दिल्यावर रक्तातलं प्रमाण कित्येक पटींनी वाढलं. ‘हळदीत मिरी घाला’ हा सल्ला तिथून सर्वत्र पसरला. पण मुळात नगण्य असलेली गोष्ट वीस पट झाली, तरी ती फार होत नाही, हे सांगायचं मात्र राहून गेलं.

२०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात या सगळ्या संशोधनाचा आढावा प्रसिद्ध झाला. तोपर्यंत माणसांवर कुरकुमीनच्या १२० हून अधिक चाचण्या झाल्या होत्या. कोण खरं औषध घेतंय आणि कोण खोटं, हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही, अशा कडक पद्धतीच्या एकाही चाचणीत ते निर्विवाद यशस्वी ठरलेलं नाही, असा त्या आढाव्याचा निष्कर्ष होता. त्यानंतरही अभ्यास चालू आहेत. ऑस्ट्रेलियातल्या ७० रुग्णांवरील चाचणीत हळदीच्या अर्कामुळे गुडघेदुखी थोडी कमी झाली. गुडघ्यातली सूज आणि कूर्चा मात्र होती तशीच राहिली. म्हणजे हळद अगदीच निकामी आहे असं नाही. पण मधुमेहाच्या गोळीची जागा घेण्याइतका पुरावा तिच्या बाजूने नाही.

काही वाचकांना इथे हळदीच्या पेटंटची गोष्ट आठवेल. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिलं गेलं होतं. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना, त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. तो विजय मोठाच होता. पण तिथे सिद्ध झालं ते इतकंच, की हे ज्ञान नवं नाही, आपल्याकडे आधीपासून आहे. हळदीने अमुक आजार बरा होतो की नाही, हा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच.

ताटातली हळद आणि डबीतली हळद

फोडणीतली चिमूटभर हळद पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते, तिची भीती बाळगण्याचं कारण नाही. करोनाच्या सुरुवातीला आयुष मंत्रालयाने सुचवलेलं हळदीचं दूधही घशाला बरं वाटतं म्हणून खुशाल प्यावं. सावध राहायचं ते अर्काच्या गोळ्यांपासून. अशा एका कॅप्सूलमध्ये कित्येक चमचे हळदीइतकं कुरकुमीन असतं आणि ते जास्त शोषलं जावं म्हणून अनेकदा मिऱ्याचा अर्कही घातलेला असतो. औषधांमुळे होणाऱ्या यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतील तज्ज्ञगटाने हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेले १० रुग्ण नोंदवले. त्यांपैकी पाच जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं, एकाचा मृत्यू झाला. असं फार थोड्यांना होतं, पण कुणाला होईल हे आधी कळत नाही. रक्त पातळ करणारी औषधं चालू असलेल्यांनी आणि ज्यांना मूतखडे होतात त्यांनी तर या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

दुसरा धोका भेसळीचा. फिकट हळकुंडांना झळाळी यावी म्हणून काही ठिकाणी लेड क्रोमेट नावाचं पिवळं रसायन चोळलं जातं. त्यात शिसं असतं. शिशाचं सुरक्षित प्रमाण असं काही नसतं. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर ते कायमचा परिणाम करतं आणि गर्भवतीकडून बाळापर्यंत पोहोचतं. बांगलादेशात गर्भवती महिलांच्या रक्तातल्या शिशाचा माग काढत संशोधक हळदीपर्यंत पोहोचले. तिथल्या सरकारने २०१९ मध्ये बाजारात छापे घातले, दंड केले, लोकांना जागं केलं. तेव्हा तपासलेल्या नमुन्यांपैकी ४७ टक्क्यांत शिसं सापडलं होतं. २०२१ मध्ये ते प्रमाण शून्यावर आलं. मनावर घेतलं तर हे थांबतं.

घरी करता येणारी साधी तपासणी अशी : काचेच्या पेल्यातल्या पाण्यात अख्खं हळकुंड टाका. लगेच पिवळा रंग सुटू लागला, तर शंका घ्या. थोडी भेसळ यातून कळत नाही, पक्का निर्णय प्रयोगशाळेतच होतो. पण ज्यांच्या शेतात किंवा नातलगांकडे हळद पिकते, त्यांनी वर्षाची हळद घरचीच दळून घ्यावी, हा उपाय सगळ्यात सोपा.

मग प्रतिकारशक्ती वाढते कशाने?

याचं सर्वांत भक्कम उत्तर अलीकडे झारखंडमधून आलं, आणि ते अगदी साधं आहे. तिथे क्षयरोग झालेल्या २,८०० रुग्णांच्या घरातल्या दहा हजारांहून अधिक माणसांवर एक मोठी चाचणी झाली. रुग्णांना सगळीकडेच पोषक शिधा दिला गेला. काही गावांत मात्र घरातल्या इतरांनाही माणशी दरमहा पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या मिळाल्या. लहान मुलांना त्याच्या निम्मं. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला : ज्या घरांना शिधा मिळाला, तिथे नव्याने क्षयरोग होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होतं. डाळ-तांदळाने जे केलं, ते आजवर कुठल्याच ‘इम्युनिटी बूस्टर’ने करून दाखवलेलं नाही.

यामागचं कारण उघड आहे. जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं प्रथिनांचीच बनतात. लढणाऱ्या पेशी तयार व्हायला जस्त, लोह, ‘अ’ जीवनसत्त्व लागतं. उपाशी शरीर फौज उभी करू शकत नाही. दुसऱ्या टोकाला, पोटावर चरबी साठली की शरीरात सौम्य दाह सतत धुमसत राहतो आणि मधुमेह, हृदयविकाराची वाट मोकळी होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ च्या अंदाजानुसार देशात दहा कोटींवर लोकांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. गावं आता यातून सुटलेली नाहीत.

आतड्यातल्या उपयोगी जंतूंचं खाद्य म्हणजे तंतू. ते खाऊन हे जंतू जी आम्लं तयार करतात, त्यांवर आतड्याचं अस्तर शाबूत राहतं आणि दाह आटोक्यात राहतो. ज्वारीत १०० ग्रॅममागे सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, पॉलिश केलेल्या तांदळात तीनपेक्षाही कमी. म्हणजे आपल्या भागातली टाळकीची भाकरी, तुरीचं घट्ट वरण, हरभऱ्याची उसळ, शेंगदाण्याचं कूट घातलेली अंबाडी किंवा मेथी आणि त्यावर पिळलेलं लिंबू, हे ताट औषधापेक्षा कमी नाही. लिंबामुळे पालेभाजीतलं लोहही अधिक शोषलं जातं. खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. तूर, हरभरा, सोयाबीन आपल्याच शिवारात पिकतं, पोत्यांनी मोंढ्यावर जातं आणि घरात मात्र वरण पातळ होत जातं. मुलांच्या हातात बिस्किटाचा पुडा येतो. पोतं विकण्याआधी वर्षभराची डाळ घरात काढून ठेवणं, ही कुठल्याही काढ्याहून मोठी आरोग्यसेवा आहे.

हळद फोडणीत रोज पडू द्या; तेलात पडली तर ती थोडी बरी शोषलीही जाते. मात्र शुगर, रक्तदाब किंवा क्षयरोगाची गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका. आणि हळदीच्या कॅप्सूल घेत असाल, तर पुढच्या वेळी दवाखान्यात गेल्यावर ती डबी सोबत न्या आणि डॉक्टरांना दाखवा.