हुकमाने हललेले पाळणे
लेखांक ६

मागच्या लेखात आपण जननदर कसा मोजतात आणि लोकसंख्या टिकून राहायची तर एका स्त्रीमागे साधारण २.१ मुले का लागतात, ते पाहिले. साहजिक पुढचा प्रश्न असा की, हा दर घसरला तर सरकारला तो वर नेता येतो का? रजा, भत्ते, पाळणाघरे यांकडे आपण वळणारच आहोत. पण आधी सक्तीचा मार्ग पाहू. रुमानियाने तो तब्बल तेवीस वर्षे चालवला.

रुमानियात १९५७ पासून गर्भपात कायदेशीर होता. गर्भनिरोधके सहज मिळत नसल्याने संततिनियमनाचा मुख्य आधार तोच होता. १९६५ च्या सुमारास जन्मणाऱ्या प्रत्येक बाळामागे चार गर्भपात होत होते. बायका कारखान्यांत पूर्णवेळ राबत होत्या, शहरांत घरे अपुरी होती. जननदर १.९ वर आला. नुकतेच सत्तेवर आलेले निकोलाय चाउशेस्कू यांना राष्ट्राच्या प्रगतीसाठी वाढती लोकसंख्या हवी होती. ऑक्टोबर १९६६ मध्ये त्यांच्या राजवटीने ७७० क्रमांकाचा हुकूमनामा काढला. ४५ वर्षांवरील किंवा चार मुले असलेल्या स्त्रिया, बलात्कार, जिवाला धोका अशी मोजकी प्रकरणे वगळता गर्भपात हा गुन्हा ठरला. घटस्फोट अवघड झाला. पंचविशी उलटूनही मूल नसलेल्यांवर, मग ते पुरुष असोत की स्त्रिया, जादा कर बसला.

१९६६ मध्ये देशात सुमारे २ लाख ७४ हजार बाळे जन्मली होती. १९६७ मध्ये ५ लाख २८ हजार. जननदर एका वर्षात ३.७ वर गेला. प्रसूतिगृहांत खाटा पुरेनात, आणि सहा-सात वर्षांनी त्याच मुलांसाठी शाळांत वर्ग पुरेनात.

कागदावर हे यश होते. पण ही उसळी आली ती लोक बेसावध असताना. ज्यांना दिवस गेले होते त्यांच्यापुढे दुसरा मार्गच उरला नव्हता. पुढे जोडपी सावध झाली. चोरट्या बाजारातल्या गोळ्या, घरगुती उपाय, आणि नाइलाजाने लपूनछपून केलेले गर्भपात. १९८३ पर्यंत जन्मदर पुन्हा हजारी १४.३ वर आला, म्हणजे हुकूमनाम्यापूर्वी होता तिथेच.

सरकारने मग फास आणखी आवळला. कामाच्या ठिकाणी स्त्रियांची तपासणी सुरू झाली. एखादीला दिवस गेल्याचे आढळले की त्याची नोंद व्हायची आणि बाळंतपण होईपर्यंत तिच्यावर नजर राहायची. १९८५ मध्ये सवलतीसाठी लागणारी मुले चारांवरून पाच झाली. याच काळात परदेशी कर्ज फेडण्यासाठी अन्नधान्याचे रेशनिंग होते, हिवाळ्यात घरे गरम ठेवायला पुरेसे इंधन नव्हते. जास्त मुले मागणारे सरकार त्या मुलांच्या तोंडचा घास काढून घेत होते.

याची किंमत बायकांनी जिवाने मोजली. चोरून केलेला गर्भपात बिघडला तरी चौकशीच्या धास्तीने बाई दवाखान्यात जायला कचरत असे. डॉक्टरांनाही तुरुंगाची भीती होती. १९८९ मध्ये दर लाख जन्मांमागे सुमारे १७० माता दगावत होत्या. युरोपात हे प्रमाण सर्वाधिक होते. असुरक्षित गर्भपाताने गेलेल्यांची अधिकृत नोंदच नऊ हजारांवर आहे. राजवट कोसळताच, डिसेंबर १९८९ मध्ये, हुकूमनामा रद्द झाला आणि पुढच्या वर्षभरात मातामृत्यूंचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. इतक्या झटपट फरक पडला, यातच त्या मृत्यूंचे कारण स्पष्ट होते. मागे उरली ती अनाथालयांत खितपत पडलेली लाखभर मुले. त्यांतल्या बहुतेकांचे आईबाप हयात होते, पण पोसायची ऐपत नव्हती.

सक्तीला उलट दिशाही असते. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ मध्ये, आणीबाणीत, तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. मुले हवीत म्हणणारे सरकार असो की नकोत म्हणणारे, दोन्हीकडे गृहीतक एकच: घरात मुले किती असावीत हे सरकारने ठरवायचे.

मला हे गृहीतकच मान्य नाही. रुमानियाचा अनुभव सांगतो की ते अमानुष तर आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे. मूल होऊ द्यायचे की नाही हे ठरवताना जोडपे घर, पगार, वेळ आणि सांभाळायला माणूस यांचा हिशेब मांडते. हुकूमनाम्याने यातले काहीच बदलले नाही. बदलली ती फक्त शिक्षा. म्हणून आज जननदर घसरला म्हणून कोणी गर्भपातावर वा गर्भनिरोधकांवर बंदी सुचवली, तर त्याला या तेवीस वर्षांचा जमाखर्च दाखवायला हवा.

पुढच्या आठवड्यात स्वीडन. १९७४ मध्ये तिथे बाळाच्या संगोपनाची भरपगारी नसली तरी भरीव भत्त्याची रजा आईबरोबर वडिलांनाही मिळू लागली. त्याने घरातला हिशेब कितपत बदलला, ते पाहू.