आधी तापमान वाढलं, मग कार्बन. म्हणून कार्बन निर्दोष?

अंटार्क्टिकातल्या 'डोम सी' इथं युरोपीय संशोधकांनी तीन किलोमीटरहून खोल बर्फ खोदून काढला. त्यात अडकलेले हवेचे बुडबुडे म्हणजे गेल्या ८ लाख वर्षांतल्या हवेचे थेट नमुने. हिमयुगात कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दर दहा लाख भागांत साधारण १८०, उबदार काळात जास्तीत जास्त ३००च्या आसपास. आज ते ४२० च्या पुढे आहे. एवढ्या प्रदीर्घ नोंदीत असा आकडा दुसरीकडे कुठेच नाही.

यावर हमखास आक्षेप येतो: अंटार्क्टिकाच्या नोंदीत आधी तापमान वाढतं, कार्बन नंतर, मग कारण कार्बन कसं? प्रश्न रास्त आहे, निष्कर्ष मात्र घाईचा. हिमयुग संपण्याची सुरुवात पृथ्वीच्या कक्षेतल्या आणि आसाच्या कलातल्या बदलांनी होते. पण ते बदल एकटे इतकी उष्णता देऊ शकत नाहीत. समुद्र तापू लागला की कार्बन बाहेर पडतो, बर्फ आक्रसतो, परावर्तन घटतं आणि तापमानवाढ कैकपट होते. शिवाय बुडबुडे बंद होतात ते बर्फाच्या थरात कित्येक मीटर खाली. म्हणजे हवा भोवतालच्या बर्फापेक्षा तरुण असते (हा तपशील आक्षेप घेणारे सहसा गाळतात). हा फरक नीट हिशेबात घेतल्यावर शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस अंटार्क्टिकातलं तापमान आणि कार्बन जवळपास एकत्रच वाढल्याचं २०१३ च्या अभ्यासात दिसलं. आजचा कार्बन तर समुद्रातून नव्हे, कोळसा-तेलातून आलाय. त्याच्या समस्थानिकांवरूनच ते ओळखता येतं.