साडेबारा कोटी पावलांची वाट

तळपायातल्या स्नायूंना हुकूम सोडणारी चेतापेशी पायात नसतेच. ती असते पाठीत, मज्जारज्जूच्या खालच्या टोकाशी. तिथून निघालेला तिचा एकच धागा कंबर, मांडी, पोटरी ओलांडत थेट तळव्यापर्यंत उतरतो. लांबी सुमारे एक मीटर! विजेचा संदेश ही वाट डोळ्याचे पाते लवायच्या आत पार करतो. पण धाग्याच्या टोकाला लागणारी बहुतेक प्रथिने बनतात पाठीतच, आणि ती मात्र वाहून न्यावी लागतात.

त्यासाठी धाग्याच्या आत सूक्ष्मनलिका असतात. एका नलिकेचा व्यास २५ नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीत अशा तीनेक हजार नलिका शेजारी-शेजारी मावतील. ट्युब्युलिन या प्रथिनाच्या जोड्या एकापुढे एक लागून रांग होते आणि बहुधा अशा १३ रांगांची मिळून एक पोकळ नळी. एका जोडीची लांबी ८ नॅनोमीटर. मीटरभराची एकच नळी करायची म्हटली तरी १६२ कोटींहून अधिक जोड्या लागतील. प्रत्यक्षात सलग नळी नसतेच. आखूड तुकडे एकमेकांच्या आगेमागे सरकवून ठेवलेले असतात.

या नळ्यांवरून कायनेसिन नावाचे प्रथिन माल ओढत चालते. १९८५ साली ते सापडले, तेही माकुळाच्या जाडजूड चेतातंतूत. चालते म्हणजे खरोखरच चालते, दोन पायांनी, आळीपाळीने. एक पाऊल ८ नॅनोमीटरचे, नेमके एका जोडीएवढे, आणि दर पावलाला एटीपी या पेशीतल्या इंधनाचा एक रेणू खर्ची. सेकंदाला शंभरेक पावले पडतात. तरीही मीटरभर जायला साडेबारा कोटी पावले आणि दोन आठवडे लागतात. आपण अर्ध्या मीटरच्या ढांगेने तेवढी पावले टाकली, तर पृथ्वीला दीड प्रदक्षिणा घालून वर उरतील. बरे, एकटा कायनेसिन शंभरेक पावलांतच वाटेवरून सुटतो, म्हणून एकेका ओझ्याला अनेक जण जुंपलेले असतात.

हा झाला जलद माल. खुद्द ट्युब्युलिन दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर सरकते. त्याला पाठीतून तळव्याला पोचायला तीनेक वर्षे!

आपल्या अंगणातल्या सदाफुलीत व्हिन्क्रिस्टिन असते. ते ट्युब्युलिनला चिकटून नळ्या बांधू देत नाही. पेशी दुभंगताना गुणसूत्रे वाटून देण्याचे काम याच नळ्यांचे, म्हणून रक्ताच्या कर्करोगावर हे औषध चालते. पण त्याचा तडाखा चेतातंतूंनाही बसतो, आणि सगळ्यात आधी सगळ्यात लांब वाटेला. (म्हणून सदाफुलीची पाने घरच्या घरी चघळण्याचे धाडस नको.) घरात कुणाची केमोथेरपी चालू असेल आणि पायाच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून सोडून देऊ नका, पुढच्या डोसाआधी डॉक्टरांच्या कानावर घाला.